गुण कमी पडले की कमी दिले गेले? आधी उत्तरपत्रिका हातात घे

पत्र थोडक्यात असं आहे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी लिहिते: ‘चौथ्या सत्राचा निकाल चार दिवसांपूर्वी लागला. बाकी सगळ्या विषयांत ए किंवा बी प्लस आहे, पण कॉस्ट अकाउंटिंगमध्ये एफ. लेखी परीक्षेत ६० पैकी १७ आणि अंतर्गत मूल्यमापनात ४० पैकी १५. दोन्हीकडे नापास! लेखी पेपर चांगला गेला होता, दोन पुरवण्या घेतल्या होत्या. वर्गातल्या चाचणीत मला २० पैकी १५ होते, सरांनी पेपर दाखवला होता. असाइनमेंट वेळेत दिली, सादरीकरणही केलं. माझ्यासोबत सादरीकरण केलेल्या मैत्रिणींना अंतर्गतमध्ये ३०च्या वर आहेत. फेब्रुवारीत हजेरीवरून माझी सरांशी बाचाबाची झाली होती, त्याचा राग काढला असं सगळे म्हणतात. कुणी सांगतं माहिती अधिकार टाक, कुणी सांगतं ग्राहक न्यायालयात जा. आई म्हणते, नाद सोड आणि पुन्हा परीक्षा दे. मी काय करू?’

नाद सोडू नकोस. पण ‘अन्याय झाला’ हे वाक्य काही दिवस बाजूला ठेव, कारण त्या वाक्याने आजवर कुणाचा गुण वाढलेला नाही. गुण वाढतो तो अमुक पानावर, अमुक प्रश्नाला, अमुक चूक झाली हे बोट ठेवून दाखवता आलं की. तुझ्या तक्रारी दोन आहेत आणि दोघींची दारं वेगळी. लेखीचे ६० गुण विद्यापीठाच्या ताब्यात, अंतर्गतचे ४० महाविद्यालयाच्या. दोन्ही एका अर्जात कोंबलेस तर महाविद्यालय म्हणेल विद्यापीठात जा, विद्यापीठ म्हणेल महाविद्यालयात विचार, आणि मुदत तेवढ्यात उलटून जाईल.

मुदतीचं म्हणूनच आधी सांगतो. निकाल लागल्यावर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागण्याची मुदत बहुतेक विद्यापीठांत जेमतेम आठ-दहा दिवसांची असते. तुझे चार गेले. नेमकी तारीख आणि विषयामागचं शुल्क विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या परिपत्रकात असतं, मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते विचारत बसू नकोस. अर्ज विद्यार्थी लॉगिनमधून भरायचा, शुल्क ऑनलाइन भरायचं, आणि पैसे कापले गेले एवढ्यावर समाधान मानायचं नाही. अर्जाची स्थिती ‘सबमिटेड’ दिसते का ते पाहा, पावती उतरवून घे. पैसे गेले पण अर्ज अर्धवट राहिला असं सर्रास होतं, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते लक्षात आलं तर कुणीच काही करू शकत नाही.

काही विद्यापीठांत छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्जच करता येत नाही. काही ठिकाणी दोन्ही अर्ज एकदमच भरायचे असतात. तुझं विद्यापीठ कोणत्या गटात येतं ते परिपत्रकात पाहा. दोन्ही एकदम असतील तर छायाप्रत येईपर्यंत थांबू नकोस, दोन्ही भरून टाक.

गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन यांतला फरकही नीट समजून घे, कारण इथे बरेच जण चुकीच्या खिडकीवर पैसे भरतात. गुणपडताळणीत फक्त बेरीज, न तपासलेला भाग आणि गुणांची नोंद पाहतात. उत्तर पुन्हा कुणी वाचत नाही. पुनर्मूल्यांकनात दुसरा परीक्षक पूर्ण उत्तरपत्रिका नव्याने तपासतो. त्याच्यासमोर फक्त उत्तरपत्रिका असते. तू किती मेहनत केलीस, बाकी विषयांत किती गुण आहेत, हे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे अर्जासोबत भावनिक निवेदन जोडण्यात वेळ घालवू नकोस. आणखी एक नियम आधीच वाचून ठेव: पुनर्मूल्यांकनात गुण कमी झाले तर कमी झालेलेच धरतात का? काही विद्यापीठं ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तरच बदल मान्य करतात, काही ठिकाणी खाली गेलेले गुणही बंधनकारक असतात. तू आधीच नापास असल्यामुळे तुला गमवण्यासारखं फार नाही. पण हे वाचणाऱ्या, पासाच्या सीमेवर जेमतेम टेकलेल्या कुणाला हा नियम महागात पडू शकतो.

छायाप्रत आली की ती मोबाइलच्या पडद्यावर भराभर सरकवू नकोस. छापून घे, पेन्सिल घे आणि प्रश्नपत्रिका शेजारी ठेव.

पहिलं काम म्हणजे अक्षर तुझंच आहे का ते पाहणं. हास्यास्पद वाटेल, पण आसन क्रमांक झाकण्यासाठी बारकोड वापरतात तिथे एकाचा बारकोड दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेला लागण्याची शक्यता असतेच. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सरसकट सगळ्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या तेव्हा निकाल महिनोन्महिने रखडले, उत्तरपत्रिकांच्या सरमिसळीच्या तक्रारी आल्या आणि अखेर राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. अक्षर तुझं नसेल तर पुनर्मूल्यांकन विसर. त्याच दिवशी परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना ईमेल कर, हॉलतिकीट आणि हस्ताक्षराचा नमुना जोड.

दुसरं काम पानं मोजण्याचं. मुख्य उत्तरपत्रिकेची पानं सलग आहेत का? दोन्ही पुरवण्या आहेत का? तुझ्या पत्रातला सगळ्यात मोलाचा तपशील हाच आहे की तू दोन पुरवण्या घेतल्या होत्यास. पुरवणी मुख्य उत्तरपत्रिकेला नीट बांधली गेली नाही, स्कॅन करताना दोन पानं चिकटून एकच गेलं, किंवा परीक्षकाने शेवटचं पान उलटलंच नाही, या तीन चुका नेहमीच्या. पुरवणी गायब असेल तर पुरावा आहे, आणि तो तुझ्याकडे नसून परीक्षा केंद्रावर आहे: वर्गातले पर्यवेक्षक प्रत्येक विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेचा क्रमांक आणि घेतलेल्या पुरवण्या ज्या तक्त्यावर नोंदवून सही घेतात तो ज्युनिअर सुपरवायझर रिपोर्ट. त्यात तुझ्या नावापुढे पुरवण्या दोन लिहिलेल्या असतील आणि छायाप्रतीत एकच असेल, तर पुढे वाद घालायची गरजच उरत नाही. अर्जात त्या रिपोर्टचा उल्लेख नावानिशी कर.

तिसरं काम बेरजेचं. आतल्या पानांवर प्रत्येक उपप्रश्नाला दिलेले गुण आणि पहिल्या पानावरच्या चौकटीतले गुण एकेक करून जुळव. समज, प्रश्न ३ च्या (अ)ला ४, (ब)ला ३ आणि पुरवणीत लिहिलेल्या (क)ला ५ गुण आहेत. ही बेरीज १२. पहिल्या पानावर मात्र प्रश्न ३ समोर ७ लिहिलेत, म्हणजे पुरवणीतले ५ चढवायचेच राहिले. १७ चे तिथेच २२ होतात. पास व्हायला ६० चे ४० टक्के म्हणजे २४ लागतात, मग २२ वर कृपागुणांचा, ज्याला सगळे ग्रेस म्हणतात त्याचा नियम लागू होतो का तेही पाहा. ग्रेस सहसा आपोआप लावली जाते, पण ती मूळ निकालाच्या वेळी. दुरुस्तीनंतर ती पुन्हा पाहिली गेली का हे विचारायला लागतं.

चौथं, न तपासलेलं उत्तर. प्रत्येक उत्तराशेजारी गुण, बरोबरची खूण, फुली किंवा शून्य यांपैकी काहीतरी असायलाच हवं. कोरा समास म्हणजे उत्तर वाचलेलं नाही. शून्य दिलेलं उत्तर आणि न पाहिलेलं उत्तर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य हा परीक्षकाचा निर्णय, त्यावर फक्त पुनर्मूल्यांकन. कोरा समास ही चूक, ती गुणपडताळणीतच दुरुस्त व्हायला हवी. संगणकावर तपासणी होत असेल तर आणखी एक खड्डा असतो: परीक्षक प्रश्नक्रमांकासमोर गुण भरतो, आणि तू ३ (क) लिहिताना चुकून ३ (ब) लिहिलं असशील तर एकाच क्रमांकाची दोन उत्तरं दिसतात, दुसऱ्याला गुण मिळत नाहीत. ‘कोणतेही चार सोडवा’ म्हटलेलं असताना तू पाच सोडवले असशील तर कोणते चार धरले तेही पाहा.

हे झाल्यावरच उत्तराच्या दर्जाकडे वळ. कॉस्ट अकाउंटिंगमध्ये इथेच खरी मेख असते. समज, कॉस्ट शीटमध्ये तू कच्च्या मालाचा अखेरचा साठा वजा करायला विसरलीस, त्यामुळे प्राइम कॉस्ट चुकली, आणि मग वर्क्स कॉस्टपासून विक्री किमतीपर्यंत खालचे सगळे आकडे चुकले. नीट तपासणारा परीक्षक पहिल्या चुकीचे गुण कापतो आणि पुढची पद्धत बरोबर असेल तर पायऱ्यांचे गुण देतो. घाईत तपासणारा शेवटचा आकडा पाहतो आणि १५ पैकी २ देऊन पुढे जातो. वर्किंग नोट्स वेगळ्या पानावर लिहिल्या असतील आणि मुख्य उत्तरात ‘टीप क्र. २ पाहा’ असं काही लिहिलं नसेल, तर त्या बहुधा वाचल्या गेलेल्या नसतात. पुनर्मूल्यांकनात गुण वाढण्याची खरी शक्यता अशा जागी असते. सिद्धान्ताच्या प्रश्नात ‘मी चांगलं लिहिलं होतं’ एवढंच म्हणणं असेल तर फार आशा ठेवू नये.

ही तपासणी एकटीने करू नकोस. दुसऱ्या महाविद्यालयातले, हाच विषय शिकवणारे कुणी शिक्षक असतील तर त्यांच्याकडे छायाप्रत घेऊन जा आणि ‘माझ्यावर अन्याय झालाय ना?’ असं न विचारता ‘तुम्ही याला किती गुण दिले असते?’ असं विचार. ते १९ म्हणाले तर पैसे वाचव आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेच्या तयारीला लाग. २८ म्हणाले तर डोळे झाकून अर्ज कर.

आता अंतर्गत गुणांकडे येऊ. सगळ्यात आधी हे लक्षात घे की अंतर्गत, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेच्या गुणांना पुनर्मूल्यांकन लागू होत नाही. ते विद्यापीठाच्या खिडकीतून बदलत नाहीत, महाविद्यालयानेच दुरुस्ती पाठवावी लागते.

आणि तुझ्या बाबतीत तर कोडं तुझ्याच पत्रात जवळजवळ सुटलेलं आहे. चाचणीत २० पैकी १५ मिळाले असं तू लिहितेस. अंतर्गतची एकूण बेरीजही १५ च! म्हणजे असाइनमेंट आणि सादरीकरण या दोन्हींना शून्य मिळालं, किंवा ते चढवलेच गेले नाहीत, किंवा २० पैकी मिळालेले १५ जसेच्या तसे ४० च्या रकान्यात बसले. असाइनमेंट दिलेल्या, वर्गासमोर सादरीकरण केलेल्या मुलीला दोन्हींत शून्य द्यायचं म्हणजे शिक्षकाला तसं लेखी दाखवावं लागेल. त्यापेक्षा नोंद राहून गेली असण्याची शक्यता कितीतरी जास्त. पोर्टलवर गुण भरायची मुदत संपत आलेली असते, सव्वाशे मुलांची यादी असते, हजेरी क्रमांक आणि आसन क्रमांक यांचा क्रम वेगळा असतो, आणि एक ओळ खालीवर झाली की शेजारच्याचे गुण तुला आणि तुझे त्याला जातात. फेब्रुवारीतली बाचाबाची खरीही असेल आणि गुणांशी तिचा काही संबंधही नसेल. रागाचा मुद्दा अर्जात लिहिलास तर सर बचावाच्या पवित्र्यात जातील, विभाग त्यांच्या मागे उभा राहील आणि साधी कारकुनी दुरुस्ती प्रतिष्ठेची लढाई होऊन बसेल. तो मुद्दा सोडून दे असं आमचं म्हणणं नाही. तो आत्ता खिशात ठेव.

आधी सरांना भेट. एकटी जायला अवघड वाटत असेल तर वर्गशिक्षक किंवा मैत्रिणीला सोबत घे. शब्द साधे ठेव: ‘सर, माझ्या अंतर्गत गुणांची घटकनिहाय विभागणी पाहायला मिळेल का? चाचणीचे १५ होते आणि एकूणही १५च दिसतायत.’ प्रामाणिक शिक्षक लगेच वही उघडेल. ‘बघू, नंतर ये’ असं उत्तर मिळालं तर त्याच दिवशी लेखी अर्ज दे. दुसऱ्यांदा तोंडी विचारायला जाऊ नकोस, कारण या ‘बघू’मध्येच दुरुस्तीची मुदत निघून जाते. अर्जाचा मसुदा असा ठेव:

प्रति, मा. प्राचार्य
मार्फत: विभागप्रमुख, वाणिज्य विभाग
विषय: सत्र ४, कॉस्ट अकाउंटिंग – अंतर्गत मूल्यमापनाची गुणनोंद तपासून दुरुस्त करणेबाबत

महोदय, मी द्वितीय वर्ष बी.कॉम.ची विद्यार्थिनी असून माझा हजेरी क्रमांक … व परीक्षा आसन क्रमांक … आहे. दि. … रोजी जाहीर झालेल्या निकालात वरील विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनात मला ४० पैकी १५ गुण दर्शवले आहेत. चाचणीत मला २० पैकी १५ गुण मिळाले असून तपासलेली उत्तरपत्रिका वर्गात दाखवण्यात आली होती. असाइनमेंट मी दि. … रोजी जमा केली आहे. सादरीकरण दि. … रोजी केले आहे. उर्वरित २० गुणांच्या घटकांची नोंद एकूण गुणांत झालेली नसावी, असे दिसते. तरी (१) माझे घटकनिहाय गुण लेखी द्यावेत, (२) विषयशिक्षकांच्या मूळ गुणयादीशी पोर्टलवरील नोंद पडताळावी, (३) तफावत आढळल्यास दुरुस्तीचे पत्र मूळ गुणयादीच्या प्रतीसह विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पाठवून त्याची एक प्रत मला द्यावी, ही विनंती.

एवढं पुरे. सोबत निकालाची प्रत आणि असाइनमेंट दिल्याचा पुरावा जोड. गूगल क्लासरूमवर दिली असेल तर ‘टर्न्ड इन’ दाखवणारा, तारखेसह स्क्रीनशॉट. वहीत दिली असेल तर सही असलेलं पान. सादरीकरणाची फाइल, त्या दिवशीचा फोटो, गटातल्या मैत्रिणींची नावं, काहीही चालेल. मैत्रिणींचे गुण मात्र अर्जात लिहू नकोस. ‘तिला ३२ मग मला १५ का’ या प्रश्नावर कुणाचीच चूक सिद्ध होत नाही, उलट तिचे गुण तपासायला काढले जातील आणि मैत्री जाईल ती वेगळीच.

अर्ज दोन प्रतींत घेऊन जा, तो आवक-जावक खिडकीवर दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. शिपाई ‘ठेवून जा, सरांच्या टेबलावर देतो’ म्हणेल. नम्रपणे सांग की पोच लागेल. पुढची प्रत्येक पायरी या पोचवर उभी आहे. पोच घेता आलीच नाही तर अर्ज स्कॅन करून प्राचार्यांच्या आणि परीक्षा अधिकाऱ्यांच्या अधिकृत ईमेलवर पाठव, ती तारीखही धरली जाते.

महाविद्यालय कां-कू का करतं तेही समजून घे, म्हणजे चिडायला होणार नाही. निकालानंतर गुण बदलायचे म्हणजे विद्यापीठ स्पष्टीकरण मागतं: चूक कुणाची, मूळ यादी कुठे आहे, आधी लक्षात का आलं नाही. ते टाळायला ‘आता काही होत नाही’ म्हटलं जातं. होतं. पण कागद आपणहून हलत नाही. ‘दुरुस्तीचं पत्र पाठवलं’ असं कुणी तोंडी सांगितलं तर जावक क्रमांक विचार, आणि आठवड्याने विद्यापीठात तो कागद पोहोचला का ते त्या क्रमांकावरून पाहा.

पंधरा दिवसांत काहीच हाललं नाही तर पुढचं दार विद्यार्थी तक्रार निवारण समितीचं. विद्यापीठ अनुदान आयोगाने ११ एप्रिल २०२३ रोजी यासंबंधीचे विनियम काढले आहेत. एक अध्यक्ष, चार प्राध्यापक किंवा ज्येष्ठ शिक्षक आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी प्रतिनिधी अशी समितीची रचना असते. तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील, आणि लोकपालांना ते निकाली काढायला ३० दिवस. मूल्यमापनातली अपारदर्शक किंवा अन्याय्य पद्धत हा तक्रारीचा विषय होऊ शकतो, हे विनियमांतच लिहिलेलं आहे.

इथे एक फार महत्त्वाची अट आहे आणि बहुतेक अर्ज तिच्यावरच आपटतात. गुण कमी वाटतात, उत्तरपत्रिका पुन्हा तपासा, एवढंच म्हणणारं अपील लोकपाल घेत नाहीत. निकालावर ठोस परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभावाचं विशिष्ट उदाहरण दाखवलं तरच घेतात. म्हणून तक्रारीत ‘मला कमी गुण दिले’ असं न लिहिता ‘४० पैकी २० गुणांच्या दोन घटकांची नोंदच झालेली नाही’ किंवा ‘पुरवणी क्र. २ तपासलेली नाही’ असं लिहायचं. आणि खिशात ठेवलेला फेब्रुवारीचा मुद्दा काढायची जागाही हीच. पण केव्हा? घटकनिहाय गुण लेखी मिळाले आणि त्यांत खरोखरच हेतुपुरस्सर शून्य दिलेलं दिसलं तर. मग तारीख, ठिकाण, नेमके शब्द, ऐकणारे कोण होते, हे सगळं लिही. आत्ताच, आठवतंय तोवर, एका कागदावर उतरवून ठेव. जातीवरून किंवा मुलगी असण्यावरून काही बोललं गेलं असेल तर तेही त्यात यायला हवं. गुणांच्या बदल्यात कुणी नको ते मागितलं असेल तर गुणांच्या तक्रारीची वाट न पाहता महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जा. सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयात पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

माहिती अधिकाराचा सल्ला चुकीचा नाही, फक्त तो काय करू शकतो ते ओळखून वापर. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा हक्क परीक्षार्थीला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात स्पष्ट केलं. परीक्षकाचं नाव मात्र मिळणार नाही, आणि या कायद्याखाली पुनर्मूल्यांकनही मागता येत नाही. विद्यापीठाची छायाप्रतीची मुदत हुकली असेल तेव्हा हा रस्ता खरा उपयोगी. तोही उत्तरपत्रिका जपून ठेवण्याचा ठरलेला काळ संपण्याआधी, कारण एकदा त्या नष्ट केल्या की मागायला काही उरत नाही.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात करायचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, मजकूर १५० शब्दांत आणि एका अर्जात एकच विषय. त्यामुळे तुला अर्ज दोन लागतील: एक विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, पुरवण्यांसह उत्तरपत्रिकेची प्रत आणि ज्युनिअर सुपरवायझर रिपोर्टमधली तुझ्या आसन क्रमांकाची नोंद मागणारा. दुसरा महाविद्यालयाकडे, तुझे घटकनिहाय अंतर्गत गुण आणि विद्यापीठाला पाठवलेल्या यादीतली तुझी ओळ मागणारा. महाविद्यालय विनाअनुदानित असेल तर हाही अर्ज विद्यापीठाकडेच कर. ‘असं का केलं’ हा प्रश्न विचारू नकोस, कागद माग. उत्तराला ३० दिवस असतात. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याचा स्टॅम्प २० रुपयांचा. हे सगळं धरलं तर दोन-अडीच महिने जातात. म्हणून हा रस्ता नेहमीच्या अर्जांसोबत चालू ठेवायचा, त्यांच्याऐवजी नव्हे.

ग्राहक न्यायालयाचा नाद मात्र खरोखर सोड. परीक्षा घेणारं मंडळ ही सेवा पुरवणारी संस्था नाही आणि परीक्षार्थी ग्राहक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच बिहारच्या शालेय परीक्षा मंडळाच्या प्रकरणात म्हटलंय. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, पण न्यायालय स्वतः उत्तरपत्रिका तपासायला बसत नाही. चूक इतकी उघड हवी की ती दाखवायला युक्तिवादाची कसरत करावी लागू नये. आख्खी पुरवणी तपासलीच नाही आणि विद्यापीठ लेखी मागणीनंतरही ढिम्म, अशा वेळी वकिलाला विचारावं. दोन-चार गुणांसाठी नाही.

आईच्या सल्ल्याचा एक भाग मात्र अगदी बरोबर आहे. पुन्हा परीक्षेला बसण्याचा फॉर्म भर! पुनर्मूल्यांकनाचा निकाल पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरण्याच्या मुदतीआधी येईलच असं नाही, कित्येकदा तो परीक्षा सुरू झाल्यावर येतो. ‘माझं रिव्हॅल्युएशन चालू आहे’ म्हणून फॉर्म न भरलेली मुलं निकाल ‘नो चेंज’ आला की सहा महिने गमावतात. एटीकेटीचा, म्हणजे राहिलेल्या विषयाच्या परीक्षेचा, फॉर्म भरल्याने तुझी तक्रार कमजोर होत नाही. अंतर्गतचाही विषय बाकी दिसत असेल तर त्याचाही फॉर्म भर. पैसे वाया गेले तर जाऊ देत.

हा खटाटोप किती मोलाचा, ते आकड्यांत सांगतो. क्रेडिट म्हणजे निकालात विषयाला असलेलं वजन. विषय ४ क्रेडिटचा आणि सत्र २२ क्रेडिटचं धर. एफ म्हणजे श्रेणीगुण ०. दुरुस्तीनंतर बी मिळाली तर श्रेणीगुण ६, म्हणजे ४ गुणिले ६, चोवीस. चोवीस भागिले २२, सत्राचा एसजीपीए, म्हणजे श्रेणीगुणांची सरासरी, १.०९ ने वर. उलट, कुणी बीचं बी प्लस करायला निघालं असेल तर फरक एकाच श्रेणीगुणाचा, ४ गुणिले १, चार. चार भागिले २२, म्हणजे ०.१८. तीन वर्षांच्या १३२ क्रेडिटवर पसरला की सीजीपीएत, म्हणजे सगळ्या सत्रांच्या मिळून सरासरीत, ०.०३. त्यासाठी हेलपाटे घालायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. तुझ्यासाठी उत्तर स्पष्ट आहे.

सर पुढच्या सत्रातही शिकवायला असतील अशी भीती तुला वाटत असेल, तर ती आम्हाला कळते. म्हणून प्रत्येक कागदात भाषा नोंदीची ठेव, माणसाची नको. आणि यापुढे चाचणीचा पेपर दाखवला की गुणांचा फोटो, असाइनमेंट दिली की तारखेची नोंद, हे सगळ्याच विषयांत कर, फक्त त्यांच्याच नाही. म्हणजे त्यांच्यावर पाळत ठेवल्यासारखं कुणाला वाटणार नाही.

गुण बदलले की काम संपलं असं समजू नकोस. जुनी गुणपत्रिका परत करून नवी घ्यावी लागते, तिच्यावर अंतर्गत आणि लेखी दोन्ही रकाने, श्रेणी, क्रेडिट आणि एसजीपीए बदललेत का ते काउंटरवरच पाहा. कधी गुण बदलतात आणि एसजीपीए जुनाच छापला जातो. मग डिजिलॉकर उघड आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे तुझ्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, या विषयाचे ४ क्रेडिट जमा झालेत का ते तपास. नसतील तर नव्या गुणपत्रिकेची प्रत जोडून परीक्षा विभागाला तेवढ्यापुरता वेगळा अर्ज दे, आणि त्याचीही पोच घे.